यकृतासाठी ऊन हवे ते खळ्यावर

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रोज उन्हात बसल्याने यकृताचा कर्करोग १७ टक्क्यांनी टळतो, अशा अर्थाचा मजकूर सध्या सांगली-साताऱ्याकडे मोबाईलवर फिरतो आहे. त्यातला १७ चा आकडा खोटा नाही. तो ज्या अभ्यासातून उचलला आहे, त्याचा अर्थ मात्र तसा होत नाही. आणि आपल्या दोन जिल्ह्यांत ऊन आणि यकृत यांचा खरा संबंध जिथे येतो, म्हणजे भुईमुगाच्या शेंगा वाळवताना, तिथे या मजकुराचे लक्षच गेलेले नाही. म्हणून हे थोडे लांबलेले पत्र.

आधी तो आकडा. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अमेरिकी अभ्यासात १६ कर्करोग नोंदणी केंद्रांमधल्या २००० ते २०१४ या काळातल्या नोंदी घेतल्या होत्या. रुग्ण पन्नास हजारांहून अधिक. निदानाच्या वेळी रुग्ण ज्या काउंटीत (साधारण आपल्या तालुका-जिल्ह्याएवढ्या भागात) राहत होता, तिथे जमिनीवर अतिनील किरण किती उतरतात याचा अंदाज काढला आणि जास्त किरणांच्या व कमी किरणांच्या काउंट्यांची तुलना केली. किरणांच्या एका ठरावीक फरकामागे रोगाचे प्रमाण १७ टक्क्यांनी कमी दिसले. संशोधकांनी वय, लिंग, वंश आणि काउंटीची आर्थिक-सामाजिक स्थिती हिशेबात धरली होती. काम नेटके आहे, त्याला नावे ठेवायची नाहीत. पण एकाही रुग्णाला ‘तुम्ही दिवसात किती वेळ उन्हात असता?’ असे विचारलेले नव्हते. त्याला कावीळ बी किंवा सी (हा कर्करोग घडवू शकणारे यकृताचे विषाणूसंसर्ग) होती का, हे त्या नोंदणीत लिहिलेलेच नसते. यकृताचा कर्करोग वीस-तीस वर्षे आतल्या आत तयार होत असतो आणि इथे पत्ता धरला आहे तो निदानाच्या दिवशीचा.

मुलखाच्या सरासरीवरून माणसाविषयी निष्कर्ष काढला की काय होते, हे अमेरिकी समाजशास्त्रज्ञ डब्ल्यू. एस. रॉबिन्सन यांनी १९५० मध्येच दाखवून ठेवले आहे. अमेरिकेच्या १९३० च्या जनगणनेत ज्या राज्यांत परदेशातून आलेले लोक जास्त, तिथे साक्षरता जास्त होती. माणसे एकेक करून मोजल्यावर मात्र परदेशातून आलेल्यांमध्येच निरक्षर अधिक निघाले. साक्षर, सुबत्तेच्या राज्यांत ते कामधंद्यासाठी गेले होते, इतकेच.

आता जगाच्या नकाशावर बघू. यकृताच्या कर्करोगाचे प्रमाण सर्वांत जास्त आहे मंगोलियात, आणि हा देश निरभ्र आकाशासाठी प्रसिद्ध आहे. तिथे कावीळ बी, सी आणि डी तिन्ही पसरलेल्या, वर दारू. इजिप्तमध्ये उन्हाची ददात नाही, तरी हा कर्करोग तिथे फार. १९५० च्या दशकापासून काही दशके तिथे बिल्हार्झिया या जंतरोगावर गावोगाव इंजेक्शने दिली गेली, सुया नीट निर्जंतुक झाल्या नाहीत आणि कावीळ सी घराघरांत पोचली. पश्चिम आफ्रिकेत गांबियासारख्या देशांत कावीळ बी आणि बुरशीचा भुईमूग एकत्र येतात. थायलंडच्या खोन केन भागात कच्च्या माशातून यकृतात शिरणारा कृमी पित्तनलिकांचा कर्करोग घडवतो. आणि खुद्द अमेरिकेत? या कर्करोगात तिथे अगदी वर असणाऱ्या राज्यांपैकी एक आहे रखरखीत उन्हाचे टेक्सास. ते त्या १६ केंद्रांत नव्हतेच.

आपल्या देशात याच्या उलट चित्र दिसेल आणि त्यानेच फसायला होईल. यकृताचा कर्करोग जास्त आढळतो तो पावसाळी, ढगाळ ईशान्येत, म्हणजे अरुणाचल, मिझोराम, सिक्कीमकडे. आपल्या शेजारच्या बार्शीत १९८७ पासून देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी चालते. तिथे ऊन रणरणते, पण हा कर्करोग वरच्या क्रमांकांत नाही. एवढ्यावरून आलेखावर छान तिरकी रेघ ओढता येईल. पण अरुणाचलच्या काही जमातींत कावीळ बीचे वाहक फार मोठ्या प्रमाणावर आहेत, हे कळल्यावर त्या रेघेला काय अर्थ उरतो?

ऊन आणि यकृत यांच्यात दुवा म्हणून ‘ड’ जीवनसत्त्वाचे नाव घेतले जाते. कल्पना जुनी आहे. आतड्याच्या कर्करोगाबाबत गारलँड बंधूंनी ती १९८० मध्ये मांडली. कातडीवर २९० ते ३१५ नॅनोमीटर लांबीचे किरण पडले की कातडीतच ‘ड’चा कच्चा माल तयार होतो. त्यावर पहिली प्रक्रिया यकृत करते, दुसरी मूत्रपिंड. रक्ततपासणीत जो आकडा येतो, तो यकृताने तयार केलेल्या मालाचा. म्हणजे यकृत आधीच खराब असेल तर ‘ड’ कमी दिसणारच. सिरॉसिसच्या (यकृत कडक होऊन निकामी होत जाण्याच्या आजाराच्या) रुग्णाच्या अहवालात ‘ड’ कमी आले की ‘ड’ कमी म्हणून यकृत बिघडले, असे नातेवाईक आणि कधीकधी डॉक्टरही धरून चालतात. बहुतेक वेळा प्रकार उलटा असतो.

ही अडचण टाळायची तर रक्त आजाराच्या आधी घेतलेले हवे. युरोपातल्या दहा देशांतल्या एका मोठ्या पाहणीत तसे होते. २०१४ मध्ये तिचे निष्कर्ष आले, तेव्हा ‘ड’ जास्त असलेल्यांत यकृताचा कर्करोग जवळपास निम्मा दिसला. पण रुग्ण होते अवघे १३८. मग गोळी देऊन पाहणे आले. अमेरिकेतल्या २५,८७१ जणांच्या चाचणीत निम्म्यांना रोज २००० युनिट ‘ड’ आणि निम्म्यांना दिसायला तशीच बिनऔषधी गोळी दिली, सरासरी पाच वर्षांहून थोडी जास्त. २०१९ मध्ये छापून आलेला निकाल असा, की नव्याने होणाऱ्या कर्करोगांचे प्रमाण दोन्ही गटांत सारखेच. त्यात सगळे कर्करोग एकत्र धरले होते, त्यामुळे यकृतापुरता दरवाजा पुरता बंद झाला असे आम्ही म्हणणार नाही. पण ऊन अंगावर घेणे हा यकृतावरचा उपाय म्हणून सांगण्याजोगा पुरावा आज नाही.

हाडांसाठी ऊन घ्यायचे तर जरूर घ्या. तिथेही सकाळच्या कोवळ्या उन्हाचा आग्रह गैरसमजातून आला आहे. सूर्य खाली असताना ‘ड’ तयार करणारे किरण हवेतच शोषले जातात. तुमची सावली तुमच्यापेक्षा आखूड असेल तेव्हाचे ऊन कामाचे. सांगली १६.८५ अक्षांशावर आहे. २२ डिसेंबरलाही भर दुपारी सूर्य इथे क्षितिजापासून जवळपास ५० अंश वर असतो, आणि साडेपाच फुटी माणसाची सावली पावणेपाच फुटांच्या आत राहते. म्हणजे आपल्याकडे बाराही महिने हे ऊन मिळते. सूर्य डोक्यावर येतो तो मात्र घड्याळाच्या बाराला नव्हे, तर साधारण साडेबाराच्या सुमारास, कारण आपले घड्याळ ८२.५ रेखांशाचे आणि सांगली ७४.५ च्या आसपास. खिडकीच्या काचेतून हे किरण आत येत नाहीत, गाडीच्या काचेतूनही नाहीत. सावळ्या कातडीला गोऱ्यापेक्षा जास्त वेळ लागतो. हात-पाय उघडे ठेवून आठवड्यातून तीन-चार वेळा २०-३० मिनिटे पुरतात, पण एप्रिल-मेमध्ये जतला किंवा माणला भर दुपारी हा प्रयोग नको. उष्माघात ‘ड’ची वाट बघत नाही. आणि ज्या जागतिक संस्थेने अफ्लाटॉक्सिन (याकडे पुढे येतोच) कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात टाकले, तिच्याच त्या गटात सूर्यप्रकाशही आहे, कातडीच्या कर्करोगासाठी.

इथेच ‘ड’च्या पुडीबद्दल सांगायला हवे. ६० हजार युनिटची पुडी आठवड्याला एक, आठ आठवडे, मग महिन्याला एक, असे सहसा लिहून दिलेले असते. प्रत्यक्षात ती रोज एक घेतली जाते, किंवा आठ आठवडे संपले तरी कागद दाखवून वर्षभर आणली जाते. त्यातून रक्तातले कॅल्शियम चढते. तहान, बद्धकोष्ठ, उलट्या, भ्रमिष्टपणा आणि शेवटी मूत्रपिंडाला इजा, असा तो क्रम आहे. उन्हाने अंगात ‘ड’ अति होत नाही, कातडी जास्तीचे स्वतःच मोडून टाकते. पुडीला तो लगाम नाही.

आता मूळ मुद्दा. आपल्याकडे यकृतासाठी उन्हाचा खरा उपयोग होतो तो शेंगा वाळवताना. भुईमुगावर आणि मक्यावर वाढणारी अस्परजिलस जातीची हिरवट-पिवळी बुरशी अफ्लाटॉक्सिन नावाचे विष तयार करते. १९६० मध्ये इंग्लंडात एक लाखाहून अधिक टर्की पक्षी पटापट मेले आणि शोध घेता घेता ब्राझीलहून आलेल्या भुईमुगाच्या पेंडीपर्यंत माग गेला, तेव्हा हे विष उघडकीला आले. १९७४ मध्ये राजस्थानातल्या बांसवाडा आणि गुजरातेतल्या पंचमहाल भागात अवेळी पावसात भिजलेला मका खाऊन ३९७ जण आजारी पडले, त्यातले १०६ दगावले. तो प्रकार एकदम मोठी मात्रा पोटात गेल्याचा. थोडे थोडे वर्षानुवर्षे गेले तर यकृताच्या पेशीतल्या जनुकात विशिष्ट जागी बदल होतो आणि गाठ धरते.

मर्यादा किती बारीक आहे बघा. प्रक्रियेसाठी जाणाऱ्या शेंगदाण्यात किलोमागे १५ मायक्रोग्रॅम, म्हणजे शंभर किलोच्या मालात दीड मिलिग्रॅम. थेट खायच्या शेंगदाण्याला युरोपात ४ मायक्रोग्रॅमच चालतात. आणि अतिदूषित एकेका दाण्यात अर्ध्या मिलिग्रॅमपर्यंत विष सापडल्याच्या नोंदी आहेत. असे तीन दाणे आख्ख्या पोत्याला पुरे. म्हणून पसाभर नमुना तपासून माल स्वच्छ ठरवणे म्हणजे निव्वळ नशीब. विष सगळीकडे सारखे नसते, मोजक्या दाण्यांत साठलेले असते.

चूक सुरू होते ती शेतात. काढणीआधीच्या शेवटच्या तीन ते सहा आठवड्यांत ताण पडला आणि माती तापली की शेंग जमिनीत असतानाच बुरशी शिरते. त्या काळात एखादे संरक्षित पाणी मिळाले तर निम्मी लढाई तिथेच होते. आऱ्या (फुलातून जमिनीत शिरणारे देठ) सुटताना हेक्टरी २०० किलो जिप्सम दिले तर कॅल्शियममुळे टरफल घट्ट होते. हुमणीने किंवा वाळवीने कुरतडलेली, खुरप्याने कापलेली शेंग आधी बाजूला काढावी, कारण बुरशीला आत जायला भोक तयारच मिळालेले असते.

उपटल्यावर शेंगेत ३५ ते ४० टक्के पाणी असते. ते दाण्यात ७ टक्क्यांवर आणि शेंगेत ८-९ वर आणायचे आहे. बुरशीला हवी असते ती मधली अवस्था, म्हणजे ना ओली ना वाळलेली. त्या अवस्थेत माल जितका कमी वेळ राहील तितके बरे. वेल उपटून शेंगा वर आणि पाला खाली असे पालथे घालून दोन-तीन दिवस ठेवावेत. आपल्याकडे वेलांचा ढीग घालून मजूर मिळेपर्यंत तसाच ठेवतात. ढीग आतून तापतो, आणि सगळ्यात जास्त नुकसान त्या दोन दिवसांत होते. शेंगा तोडल्यावर ताडपत्रीवर किंवा सिमेंटच्या खळ्यावर दोन इंचांपेक्षा जाड थर नको. दिवसातून तीन-चार वेळा हलवावा, आणि संध्याकाळी दव पडायच्या आत गोळा करून झाकावा. चांगल्या उन्हात चार ते सहा दिवस लागतात. मातीच्या अंगणावर वाळवू नये, खालून ओल चढते आणि बुरशीचे बीजाणू मातीतच असतात. खरिपाच्या काढणीला परतीचा पाऊस आणि उन्हाळी काढणीला वळीव, ही आपली अडचण ठरलेलीच. ढग आले म्हणून अर्धवट वाळलेला माल पोत्यात भरण्यापेक्षा छपराखाली पातळ पसरून पंखा लावलेला परवडतो. बियाण्याच्या शेंगा मात्र तापलेल्या ताडपत्रीवर कडक उन्हात घालू नयेत, उगवण जाते. त्या सावलीत वाऱ्यावर वाळवाव्यात.

वाळली की नाही हे कसे कळणार? शेंग कानाशी हलवली की दाणा खुळखुळतो. दाणा बोटांत चोळला की तांबडे साल सुटते आणि दाताखाली तो कट्‌कन दुभंगतो. चिवट दबला तर अजून ऊन हवे. हा अंदाज घरापुरता ठीक. बाजार समितीत माल न्यायचा तर ओलावा मापकाला पर्याय नाही.

साठवण बारदानात, लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून हातभर लांब. प्लास्टिकच्या गोणीत माल घामेजतो. आणि एक गोष्ट जी सगळ्यांना माहीत आहे पण कुणी बोलत नाही, ती म्हणजे फोडणी यंत्रात दाणा फुटू नये म्हणून शेंगांवर आधी पाणी मारतात. आठवडाभर उन्हात केलेली मेहनत एका बादलीत वाया जाते. दाणे पुन्हा वाळवले तर गोष्ट वेगळी, पण घाईत तसेच पोत्यात जातात.

मग निवडलेले फुटके, सुरकुतलेले, काळपट दाणे जातात कुठे? घाण्यावर. लाकडी घाण्याचे तेल चांगले की वाईट ही चर्चा आम्हाला करायची नाही. पण ते फक्त गाळलेले असते, आणि गाळण्याने हे विष निघत नाही. कारखान्यातल्या शुद्धीकरणात ते बहुतांशी निघून जाते. तेव्हा घाण्याला द्यायचा दाणा खाण्याच्या दाण्याइतकाच निवडलेला असला पाहिजे. गंमत म्हणजे इथेही ऊन कामाला येते. भुईमुगाच्या तेलातले अफ्लाटॉक्सिन सूर्यप्रकाशाने नष्ट होते, हे म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेत १९७० च्या दशकात दिसले होते. पण त्याला काचेचे पारदर्शक भांडे आणि तेलाचा पातळ थर लागतो, आणि उन्हाने तेल खवटही लवकर होते. पत्र्याचा डबा अंगणात ठेवून काही साधत नाही.

विषाचा मोठा वाटा तेलात न जाता पेंडीत राहतो. ती पेंड गाई-म्हशी खातात. पोटात गेलेल्या विषाचा १ ते ६ टक्के भाग रूप बदलून दुधात उतरतो, तोही एका दिवसाच्या आत. दूध उकळून तो जात नाही. दुधाची मर्यादा किलोला अर्धा मायक्रोग्रॅम आहे. जमेची बाजू अशी, की बुरशीची पेंड बंद केली तर तीन-चार दिवसांत दूध निवळते. दूध संघांनी फॅट आणि एसएनएफसोबत पावसाळ्यात ही तपासणीही नियमित ठेवावी.

घरात सर्वांत जास्त धोका कुटाचा. भाजीत, खिचडीत, चटणीत आपण रोज कूट घालतो, आणि कुटात कुजका दाणा ओळखू येत नाही. म्हणून दाणे भाजायच्या आधी ताटात पसरून निवडावेत. बुरशी दिसणारे, आतून पिवळट-काळे पडलेले, सुरकुतलेले असतील ते टाकून द्यावेत, गुरांनाही घालू नयेत. भाजल्याने विष थोडे घटते, संपत नाही. खवट दाणा म्हणजे तेल बिघडलेले, तो वेगळा प्रकार. पण दाणा कडू लागला तर गिळू नये.

तरीही हे लक्षात असू द्या की अफ्लाटॉक्सिन एकटे जेवढे बिघडवते, त्याच्या कितीतरी पट ते कावीळ बीच्या जोडीने बिघडवते. शांघायमधल्या १८ हजारांहून अधिक पुरुषांच्या पाहणीत नुसते अफ्लाटॉक्सिन असलेल्यांना धोका ३.४ पट, नुसत्या कावीळ बीने ७.३ पट, आणि दोन्ही असलेल्यांना ५९ पट दिसला. दिवसभर फडात राबणाऱ्या ऊसतोड मजुराच्या अंगावर जेवढे ऊन पडते तेवढे कुणाच्याच पडत नसेल. त्याला कावीळ बी असेल तर ते ऊन हा धोका पुसून टाकणार नाही.

कावीळ बीला लस आहे. जन्मल्यापासून २४ तासांच्या आत पहिली मात्रा, मग ६, १० आणि १४ आठवड्यांना. पहिली मात्रा सगळ्यांत मोलाची, कारण आईकडून बाळाला लागण होते ती बाळंतपणातच, आणि तान्हेपणी लागलेली कावीळ बी बहुधा जन्मभर राहते. घरी किंवा रात्री-अपरात्री झालेल्या बाळंतपणात नेमकी हीच मात्रा चुकते. तैवानने १९८४ मध्ये कावीळ बी असलेल्या आयांच्या बाळांना लस सुरू केली आणि १९८६ पासून सर्व बाळांना. तिथे ६ ते १४ वयाच्या मुलांतला यकृताचा कर्करोग लाखामागे ०.७० वरून १९९०-९४ मध्ये ०.३६ वर आला. आपल्या देशात ही लस सर्वत्र पोचली ती २०११ पासून. त्याआधी जन्मलेल्या प्रत्येकाने आयुष्यात एकदा एचबीएसएजी (कावीळ बीची रक्तचाचणी) तपासून घ्यावे. निगेटिव्ह आले तर लस ०, १ आणि ६ महिन्यांनी. पॉझिटिव्ह आले तर घाबरून गावठी काविळीच्या औषधाकडे धावू नये. विषाणूचे प्रमाण, यकृताच्या चाचण्या आणि सोनोग्राफी करून गोळ्या लागतात का हे डॉक्टर ठरवतात. २८ जुलै २०१८ ला सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात कावीळ बी आणि सी दोन्हींची तपासणी आणि औषधे मोफत आहेत. सी तर बहुतेकांना १२ आठवड्यांच्या गोळ्यांनी पूर्ण बरी होते. सिरॉसिस झालेल्या प्रत्येकाने दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करावी. गाठ दोन-तीन सेंटिमीटरची असताना सापडली तर काढता किंवा जाळता येते. पोट फुगल्यावर, वजन उतरल्यावर आलेल्यांसाठी फारसे काही हातात राहत नाही.

दारू, मधुमेह आणि पोटावरची चरबी यांबद्दल आपल्या पत्रात वेळोवेळी येतेच, म्हणून इथे लांबण लावत नाही. एवढेच, की चरबीच्या यकृतात सिरॉसिस नसतानाही कर्करोग होऊ शकतो.

सांगली, कराड, सातारा येथील बाजार समित्यांना आपल्यामार्फत विनंती, की परतीच्या पावसाच्या महिन्यांत भुईमूग आणि मक्याच्या लिलावाआधी प्रत्येक ढिगाचा ओलावा मोजून तो आकडा पावतीवर लिहावा, आणि ९ टक्क्यांच्या वरच्या शेंगांना आवारातच वाळवायला सिमेंटची जागा व ताडपत्री द्यावी. शेतकऱ्याला वाळवलेल्या मालाचा चार पैसे जास्त भाव मिळाला नाही, तर तो वजन घटवून कशाला आणेल?

आपले,
यकृतविकार आणि काढणीपश्चात शेतीमाल या विषयांचे काही अभ्यासक,
सांगली